सांगितलेलं झाड

भिकाजी मला मास्तर म्हणायचा. मी मास्तर कधीच नव्हतो. रत्नागिरीतल्या एका लहानशा वाचनालयात पुस्तकं देणं-घेणं, वर्तमानपत्रं काठीला अडकवून ठेवणं आणि सभासदांनी दुमडलेले पानांचे कोपरे सरळ करणं हे माझं काम. पण नाकावर चष्मा आणि हातात पुस्तक दिसलं की आमच्याकडे माणूस आपोआप मास्तर होतो. दोन-तीनदा दुरुस्ती करून मी तो नाद सोडला. उरलेल्या वेळात मी देशोदेशीच्या गोष्टींची इंग्रजीवरून मराठी भाषांतरं करून एका मासिकाला पाठवत असे. इंग्रजी मला बऱ्यापैकी येत होतं आणि त्याचा अभिमान बऱ्यापैकीपेक्षा जास्त होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात ह्या अभिमानाचा हात आहे.

भिकाजी पालीजवळच्या एका वाडीतला. झाडं तोडणं हा त्याचा धंदा, बापापासून चालत आलेला. अंगानं काटक, बोलायला सावकाश, आणि कुऱ्हाड खांद्यावर अशी की ती तिथेच उगवली असावी.

त्याची माझी गाठ पडली १९२६ सालच्या कार्तिकात. वाचनालयाच्या मागे एक जुना रायवळ आंबा होता. त्याला वाळवी लागली होती आणि एक फांदी दर पावसात छपरावर आपटून कौलं फोडत होती. आमच्या कमिटीला कपाटाचं कुलूप बदलायचं ठरवायला दोन वर्षं लागली होती. झाड तोडायचं मात्र एका बैठकीत ठरलं. भिकाजीला निरोप गेला. तो ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आला, तोही रिकाम्या हातानं.

मी खिडकीशी भाषांतर करत बसलो होतो. तो मागच्या दारानं आला, झाडापासून तीन पावलांवर थांबला, पायांतल्या वहाणा काढल्या. जमिनीवर विड्याचं पान, त्यावर सुपारी आणि शेजारी मूठभर तांदूळ ठेवले. मग हात जोडून, समोर कुणी वडीलधारं माणूस उभं असावं तसा तो बोलू लागला.

“बाबा, उद्या सकाळी मी कुऱ्हाड घेऊन येतंय. मालकाला तुजी गरज हाय, मला प्वाट हाय. तुज्यावर जे कोन ऱ्हात आसतील, पाखरू आसंल, मुंगी आसंल, आनि कोन आसंल, त्येनी आजच दुसरं झाड बगावं. माज्यावर राग धरू नको.”

झाडाला त्यानं हात मात्र लावला नाही. मी खिडकीतून विचारलं, तर म्हणाला, “सांगितल्याबिगर कुनाच्या घरात शिरतात काय?”

सकाळी मी मुद्दाम लवकर जाऊन पाहिलं. मुंग्यांची मोठी रांग खोडावरून उतरून तांदळापाशी आली होती आणि तिथून कुंपणाकडे चालली होती. ह्यात चमत्कार काही नाही. तांदूळ ठेवले की मुंग्या उतरायच्याच. पण ज्या कुणी पहिल्यांदा तांदूळ ठेवायची रीत घातली त्याला हे ठाऊक असणार, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं.

झाड पडल्यावर भिकाजी पाणी प्यायला खिडकीशी आला. समोरच्या कागदांकडे पाहून विचारलं, “कागदपत्रं काय कोर्टाची?”

म्हटलं, “गोष्ट आहे. बर्फाच्या मुलखातली.” आणि सहज, थोडा भाव खाण्यासाठीच म्हणा, मी त्याला ती वाचून दाखवली. दोन भावांच्या जमिनींच्या मधोमध एक देवदार असतो. वाटणीवरून भांडण होतं आणि धाकटा संतापाच्या भरात तो देवदार तोडून टाकतो.

भिकाजीनं सगळी ऐकली. मग म्हणाला, “झाडाला सांगितलान काय त्येनं?”

“नाही. रागात होता तो.”

“राग भावाचा. मंग झाडाचा काय संबंद?”

मी हसणार होतो, पण हसू आलं नाही. लेखकानं शेवटची सहा पानं खर्चून जे सांगितलं होतं ते हा माणूस पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता सांगून मोकळा झाला होता.

त्या दिवसापासून भिकाजीचा परिपाठ पडला. शहरात बाजाराला किंवा लोहाराकडे कुऱ्हाडीला धार लावून घ्यायला आला की दुपारच्या वेळी वाचनालयाच्या पडवीत यायचा. त्या वेळी सभासद घरी वामकुक्षी करत असत, त्यामुळे कमिटीच्या कानावर जायची भीती नव्हती. मी वाचायचो, तो खांबाला टेकून ऐकायचा. इंग्रजी पुस्तक समोर धरून तोंडानं मराठी सांगत जायचं, ही माझी भाषांतराची तालीमच होती. मी मधेच थांबलो, सिगारेट पेटवू लागलो, की तो म्हणायचा, “पान उलटा, मास्तर.” पान उलटल्याचा आवाज त्याला आवडायचा. पान उलटलं म्हणजे गोष्ट पुढे सरकली, एवढा त्याचा हिशेब. एकदा मी दोन पानं चिकटलेली असताना तसाच पुढे गेलो, तर त्यानं लगेच विचारलं, “काय ऱ्हायलं काय मधी?”

पाच वर्षांत मी त्याला किती देश फिरवून आणलं असेल. वाळवंटातला उंटवाला ऐकवला, दलदलीतला कोळी ऐकवला. एक लांबलचक समुद्राची गोष्ट होती. तिच्यातला कप्तान चाळीस पानं समुद्राला वैरी म्हणून शिव्या घालतो. मला ती फार भव्य वाटायची. भिकाजीनं ऐकून कान खाजवला आणि म्हणाला, “समुंद्राला म्हाईत तरी हाय काय, हा कोन त्ये?”

मी चिडलो. त्याला म्हटलं, तुला त्यातलं काव्य कळत नाही. तो म्हणाला, “न्हाय कळत,” आणि तपकीर ओढली. माझा राग दोन दिवस टिकला.

एक गोष्ट मात्र त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. कुठल्याशा बेटावर धुमसता डोंगर असतो. त्याच्या पायथ्याशी एक म्हातारी राहत असते. रोज सकाळी ती डोंगराकडे तोंड करून म्हणते, “आज नको हं, आज सुनेनं धुणं वाळत घातलंय.” दुसऱ्या दिवशी म्हणते, “आज नको, आज गाय व्यायला झालीय.” बस, एवढंच. शेवटी ती मरते आणि तिची सून उठून डोंगराला सांगते, “आज नको, आज आमच्या घरात सुतक आहे.” मला ही गोष्ट किरकोळ वाटली होती. मासिकाच्या संपादकांनीही ती परत पाठवली होती.

“ही बाई आपल्यातली,” भिकाजी म्हणाला. “राजापूर सोडलं का पुडं कुटंतरी गाव आसंल हिचं.”

“अरे, सात समुद्रांपलीकडची गोष्ट आहे ही.”

“आसूं दे. ती त्येच्याशी बोलते. तुमचे बाकीचे सगळे त्येच्याबद्दल बोलतात.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या आठवड्यात मी कपाटातली माझी लाडकी पुस्तकं काढून चाळली. डोंगरांची वर्णनं होती, अरण्यांची होती, सूर्यास्ताला तर तोटा नव्हता. पण झाडापुढे उभं राहून त्याला काही सांगणारा माणूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच निघाला. शिकलेल्या लोकांनी निसर्गाला डोक्यावर घेतलं आणि त्याच्याशी बोलणं तेवढं टाकलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

ह्या पाच वर्षांत भिकाजीच्या वागण्यात थोडा फरक पडला होता. तो डोळे मिटून ऐकू लागला. पडवीची पायरी चढताना आधी पाय चाचपून ठेवू लागला. एकदा माझ्यासाठी आणलेला नारळ त्यानं बाकावर ठेवला तो बाकाच्या कडेबाहेर, आणि खाली पडल्यावर स्वतःच हसला. मी हे सगळं पाहिलं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं. रोज पुस्तकांतल्या माणसांच्या मनाचे ठाव घेणाऱ्या मला समोरच्या माणसाचे डोळे चालले आहेत हे दिसलं नाही, ह्याची लाज वाटते. कुऱ्हाडवाल्याचे डोळे गेले हे एकदा गावाला कळलं की त्याला कोण बोलावणार? म्हणून त्यानंही ते कुणाला सांगितलं नव्हतं. खोडाला हात लागला की पुढचं काम त्याचे हातच करायचे.

१९३१ च्या मार्गशीर्षात एका भर दुपारी भिकाजी वाचनालयात आला. तो बाजारचा दिवस नव्हता. बैलगाडीच्या मागच्या दांडीला हात धरून तो पालीपासून सहा-सात कोस चालत आला होता. पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं माखले होते आणि खांद्यावर कुऱ्हाड नव्हती.

“मास्तर, माज्याकडनं मोटी चूक झाली,” तो म्हणाला आणि खांबाशी बसला.

मग त्यानं सांगितलं ते असं. पालीत गंगारामशेट म्हणून एक बागायतदार. त्यांना मालाची ने-आण करायला नवा मचवा, म्हणजे मोठी होडी, बांधायचा होता आणि त्यासाठी गोठ्यामागचा जुना आंबा तोडायचा होता. त्यांनी ओटीवरून हात करून सांगितलं, “तो गोठ्यामागचा.” भिकाजी संध्याकाळी गेला, तीन पावलांवर थांबला, विडा ठेवला, तांदूळ ठेवले आणि सांगून आला. पण गोठ्यामागे झाडं दोन होती. आंब्यापासून आठ पावलांवर एक फणस होता. संधिप्रकाशात भिकाजीला दोन काळे खांब दिसले आणि त्यानं सांगितलं ते फणसाला. हात लावला असता तर साल लगेच कळली असती. पण सांगण्याआधी हात लावायचा नाही ही त्याच्या बापाची शिकवण, आणि ती त्यानं आयुष्यात कधी मोडली नव्हती.

तो फणस साधासुधा नव्हता. गंगारामशेटची आई येसूबाई, तिची एकुलती लेक काशी. काशीनं लहानपणी गऱ्याची आठळी पुरली होती, तिचा झालेला हा फणस. काशी सासरीच पहिल्या बाळंतपणात वारली. तेव्हापासून दर वर्षी ह्या झाडाचा पहिला फणस येसूबाई स्वतः कापायची आणि गावात त्या वेळी ज्या माहेरवाशिणी आलेल्या असतील त्यांना गरे वाटायची. तिची लेक माहेराला येण्याची ती एकच तऱ्हा उरली होती.

“काल सकाळी म्या गेलो,” भिकाजी म्हणाला. “येसूबाय शेन टाकायला गोठ्यामागं गेलीवती. तिनं इचारलं, भिकाजी, ह्यो इडा हितं कुनी ठेवलान? तिचा आवाज कुटनं आला त्येच्यावरनं मला कळलं. आंब्याकडनं न्हवता आला.”

गंगारामशेट व्यवहारी माणूस. ते म्हणाले, चुकलं तर चुकलं, फणस राहू दे, आंबा तोड. पण गोष्ट इतकी सोपी नव्हती. सांगितलेलं झाड तोडलं नाही तर ते वाट पाहतं, असं ह्या लोकांत मानतात. त्याच्यावरचे सगळे उठून गेलेले असतात. ते नवा मोहोर धरत नाही, नवं पान काढत नाही, वाट पाहून पाहून उभ्याउभ्या वाळतं. भिकाजीच्या बापानं असं एक झाड वाळलेलं पाहिलं होतं. भिकाजी हे जितकं मानत होता तितकंच येसूबाई मानत होती. म्हणजे तोडला तर काशीचा फणस जाणार, आणि न तोडला तरी जाणार. देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावून झाला. पाषाणाला चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दुपार टळेपर्यंत एकही पाकळी पडली नाही.

“येसूबाय मला येक शबुद बोलली न्हाय,” भिकाजी म्हणाला. “बोलली आसती तर बरं झालं आसतं. ती नुसती झाडाखाली बसून ऱ्हायली.”

मग तो ज्या कामासाठी एवढा चालत आला होता त्यावर आला.

“तुमी सगळ्या जगाची पुस्तकं वाचलीत. कुटल्यातरी मुलखात कुनीतरी झाडाला दिलेला शबुद माघारी घेतला आसंल. चुकनारा मी येकलाच जन्माला आलो काय? त्यो मानूस काय बोलला त्येवडं मला सांगा. मी तसंच जाऊन बोलतो.”

माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या गरजेनं पुस्तकातलं काही विचारलं नव्हतं. सभासद विचारायचे ते रहस्यकथेचा दुसरा भाग आला का, एवढंच. मी त्याला पाणी दिलं, बस म्हटलं आणि कपाटांकडे वळलो. तासभर मी पुस्तकं काढत होतो. झाड पडल्यावर रडणारे सापडले. झाडाला मिठी मारणारे सापडले. झाडावर प्रियेचं नाव कोरणारे तर ढीगभर. पण चुकून दिलेला शब्द परत घ्यायला झाडासमोर जाऊन उभा राहिलेला एकही माणूस मला सापडला नाही. सगळ्या जगाचं शहाणपण म्हणून मी ज्या कपाटांना रोज फडका मारत होतो ती त्या दुपारी मला पोकळ वाटली.

“सापडलं काय?” भिकाजीनं बाहेरून विचारलं.

नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. हाताला आलं ते एक जाडजूड पुस्तक मी उचललं. तो जंगल खात्याचा जुना अहवाल होता. कुठल्या तालुक्यातून किती खंडी लाकूड निघालं त्याचे तक्ते. तो मांडीवर उघडून मी भिकाजीशेजारी बसलो आणि सांगू लागलो.

“तळ्यांचा एक देश आहे. तिथे एक लाकूडतोड्या होता. झाड तोडायच्या आदल्या दिवशी तो खोडावर खडूनं पांढरी रेघ मारायचा, म्हणजे झाडाला कळावं. म्हातारपणी एकदा त्याची रेघ चुकीच्या झाडावर पडली.”

भिकाजीनं डोळे मिटले.

“रेघ पुसून भागणार नव्हतं. तो झाडापुढे गेला आणि म्हणाला, बाबा, चूक माझ्या डोळ्यांची, तुझी नव्हे. मी दिलेला शब्द मी माघारी मागतो. फुकट मागत नाही. असं म्हणून त्यानं आपली कुऱ्हाड झाडाच्या मुळाशी ठेवली आणि तो घरी गेला.”

बोलता बोलता मला आपोआप सुचत गेलं. कुऱ्हाड कशी आली ते सांगतो. गोष्टीला किंमत मोजावी लागते, नाहीतर ती गोष्ट वाटत नाही, हे इतकी वर्षं भाषांतरं करून मला कळलं होतं. मला शेवट चांगला हवा होता.

भिकाजीनं डोळे उघडले. मग त्यानं विचारलं, “कुऱ्हाड माघारी घेतलान काय त्येनं, मागावनं?”

त्या क्षणी मला ‘हो, घेतली’ म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी घेतली, आठ दिवसांनी घेतली, काहीही. त्याच्या पोटापाण्याचं हत्यार होतं ते. पण तसं म्हटलं असतं तर गोष्ट बिघडली असती. मी जरासा अडखळलो आणि म्हणालो, “नाही.”

तो उठला, अंदाजानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परतीची गाडी शोधायला गेला.

पंधरा दिवसांनी पालीच्या एका गाडीवानाकडून बातमी कळली. भिकाजीनं गावासमोर काशीच्या फणसापुढे उभं राहून माफी मागितली, स्वतःच्या तोंडानं सांगितलं की माझे डोळे गेले आहेत, आणि कुऱ्हाड मुळाशी ठेवली. “धंदा बसला त्येचा,” गाडीवान म्हणाला आणि बैलांकडे वळला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नाटकवाले करतात तसली ही हळहळ नव्हती. मी खरोखर एका माणसाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली होती, ती एका वाक्याच्या डौलासाठी. जाऊन सांगावं असं रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. वर्गणीचा आठवडा, कपाटांना रंग, सर्दी. पौष गेला, शिमगा गेला. भिकाजी शहरात आला नाही आणि मीही गेलो नाही.

शेवटी वैशाखात येसूबाईचाच निरोप आला. फणस धरला आहे, पहिला काढतोय, मास्तरांनी यावं. आता निमित्त पुरलं नसतं. मी सर्व्हिस मोटारीनं पालीला गेलो.

गोठ्यामागे आंब्याचा नुसता बुंधा उरला होता. शेजारी फणस उभा होता, खोडाला खालपासून वरपर्यंत फणस लगडलेले. मुळाशी कुऱ्हाड होती. पातं गंजून तांबूस झालं होतं आणि दांड्यावरून मुंग्या ये-जा करत होत्या. झाडाच्या सावलीत भिकाजी काथ्याचा दोर वळत बसला होता. ते काम डोळ्यांशिवाय होतं. अंगणात सात-आठ माहेरवाशिणी, कुणी कडेवर पोर घेऊन, येसूबाईच्या हातून गरे घेत होत्या. म्हातारीनं मलाही पानावर गरे दिले आणि म्हणाली, “खा हो. तुमच्या पुस्तकानं माजी लेक ऱ्हायली.”

गरा तोंडापर्यंत नेला, पण खाववेना. मी भिकाजीशेजारी जाऊन बसलो.

“भिकाजी, एक सांगायचंय. ती गोष्ट…”

“म्हाईत हाय मला,” तो दोर वळता वळता म्हणाला. “पुस्तकात न्हवती ती.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कोन सांगतंय. तुमी पान उलटलंत न्हाय. येवडी मोटी गोष्ट आनि समदी येकाच पानावर?”

मी खाली पाहिलं. पाच वर्षं ज्या कानांना मी देशोदेशीचं वाङ्मय ऐकवलं त्या कानांना मी फसवायला निघालो होतो.

“ठाऊक होतं, तर मग कुऱ्हाड का ठेवलीस रे? माझ्या थापेपायी?”

“थाप आसती तर कुऱ्हाड माघारी घेतलान म्हनाला आसतात. मला खूश करून लावून दिलं आसतंत. तुमी आडकलात, आनि न्हाय म्हनालात. तवा मला वाटलं, ही खरी हाय.” त्यानं दोराला पीळ दिला. “आनि मास्तर, झाडाला सांगायची रीत काय आभाळातनं पडली? कुनीतरी पयल्यांदा सांगितलीच आसंल की. तसंच माघारी घ्यायची तुमी सांगितलीत.”

 मग तो येसूबाईच्या कानावर जाणार नाही अशा हळू आवाजात बोलला.

“कुऱ्हाडीला डोळे लागतात. माजे दोन वर्सं आदीच गेलेवते. रोज सकाळी खांद्यावर घ्यायचो आनि वाटायचं, आज कुनाच्या तरी पायावर पडंल. पन बापाची कुऱ्हाड, टाकायची कुटं? माळ्यावर? मला ती ठेवायला जागा पायजे व्हती. तुमी दिलीत.”

तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला ते दिसणार नाही म्हणून मी ते पुसलंही नाही. मग मी गरे खाल्ले. कापा फणस होता, गोड होता.

त्या दिवशी मला आणखी एक कळलं. गाडीवानाची बातमी अर्धीच खरी होती. भिकाजीचा तोडायचा धंदा बसला, पण दुसरा सुरू झाला होता. आसपासच्या गावांतले तोडणारे आदल्या दिवशी त्याला हाताला धरून न्यायचे, झाडापासून तीन पावलांवर उभं करायचे, आणि भिकाजी झाडाला सांगायचा. गंगारामशेटच्या आंब्यालाही त्यानंच सांगितलं होतं, मग तो दुसऱ्यांनी तोडला. आता तो सांगण्याआधी झाडाचं नाव तीनदा विचारून घ्यायचा.

घरी येऊन मी ती गोष्ट लिहून काढली. तळ्यांचा देश काढून टाकला, खडूची रेघ काढून टाकली, आणि घडलं तसं लिहिलं. मासिकात भाषांतराच्या डोक्यावर मूळ लेखकाचं नाव छापायची पद्धत होती. त्या जागी मी लिहिलं, ‘मूळ कथा : भिकाजी, पाली’. संपादकांचं कार्ड आलं की हे गृहस्थ कोणत्या भाषेत लिहितात. मी उलट टपाली कळवलं की ते लिहीत नाहीत, सांगतात. संपादकांना काय वाटलं असेल ते असो, १९३३ च्या एका अंकात गोष्ट आली.

अंक घेऊन मी पुन्हा पालीला गेलो. भिकाजी फणसाखालीच होता. मी त्याच्याशेजारी बसून पहिल्या अक्षरापासून वाचायला लागलो. त्याच्या बापाची शिकवण आली तेव्हा तो किंचित ताठ बसला. येसूबाई झाडाखाली बसून राहिली, तिथे त्यानं दोर वळणं थांबवलं. गोष्ट साडेचार पानांची होती. प्रत्येक पान मी जरा जास्तच मोठ्यानं उलटलं.